चार महिने, एक सॅक: थायलंड-लाओस-व्हिएतनाम-कंबोडियाला काय न्यावं, काय घरी ठेवावं?

निळी_छत्री

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसतं वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

दिवाळी झाली की निघायचं आणि फेब्रुवारीअखेर परत यायचं असा बेत आहे. एक नोकरी सोडली, दुसरी मार्चमध्ये धरायची, मधले चार महिने माझे. एकटीच जातेय. मुंबई-बँगकॉक, मग चिआंग माई, तिथून मेकाँग ओलांडून लाओस, मग व्हिएतनाम वरून खाली, कंबोडिया, आणि परतताना सिंगापूरला आत्याकडे.

काल रंगीत तालीम म्हणून सगळं सॅकमध्ये कोंबलं. हिमालयात नेलेली ६५ लिटरची सॅक आहे. काट्यावर भरली १६ किलो. ती पाठीवर टाकून जिन्याने चौथ्या मजल्यावर चढून बघितलं, तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दार उघडून म्हणाल्या, "अगं, सिलिंडर कुठे घेऊन चाललीस?"

आत काय आहे ते सांगते: आठ टीशर्ट, तीन जीन्स, दोन कुर्ते, जाड स्वेटर, थंडीतली स्लीपिंग बॅग, मोठा टर्किश टॉवेल, ट्रेकचे बूट, सँडल, स्लिपर, कॅमेरा आणि दोन लेन्स, लॅपटॉप, हेअर ड्रायर, तीन पुस्तकं, औषधांचा डबा. शिवाय आईने दिलेली दोन किलो थालीपिठाची भाजणी, लसणाची चटणी आणि फराळ. आत्यासाठी अनारसे न्यायचेच, हा आईचा हुकूम.

काय काढू? स्पष्ट सांगा, रागावणार नाही.

रुमालवाला

तूर्तास रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर नंतर. जीन्स तीन आणि पाय दोन, एवढंच निरीक्षण नोंदवतो.

कातळकडा

आधी सॅक बदला. सामान नंतर. मोठी सॅक घरातून अर्धी रिकामी निघाली तरी आठवड्यात भरते. ४० ते ४५ लिटर पुष्कळ झाले. तुमची ६५ लिटरची सॅक तंबू, स्टोव्ह आणि शिधा वाहायला केलेली आहे. तुम्ही रोज रात्री छपराखाली झोपणार, रोज बाहेर जेवणार.

विकत घेताना लिटर बघता तशी पाठीची लांबीही बघा. मान खाली घातली की मानेच्या तळाशी जे हाड हाताला लागतं, तिथून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत टेपने मोजा. मग पट्टा कमरेच्या हाडावर बसतो का बघा, पोटावर नाही. तो नीट बसला की बरंचसं वजन कमरेवर उतरतं आणि खांदे मोकळे राहतात. दुकानात रिकामी सॅक पाठीला लावून आरशात बघून काही कळत नाही. सात-आठ किलो वजन टाकायला लावा आणि दुकानातच पाच-दहा मिनिटं फिरा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

आणि पुढून सूटकेससारखी पूर्ण उघडणारी घ्या. वरून तोंड असलेल्या सॅकमध्ये हवा असलेला मोजा नेहमी तळाला असतो. ऑस्प्रेची फेअरव्ह्यू ४० खास बायकांच्या मापाची आहे, डेकॅथलॉनमध्ये तशाच आकाराची बरीच स्वस्त मिळते. दोन्ही चालतात.

बूट न्यायचेच असतील तर पायात घालून विमानात बसा. ॲक्शनच्या बुटांवर निम्म्या महाराष्ट्राने सह्याद्री पालथा घातलाय, लाओसच्या डोंगरांना वेगळं काही लागत नाही. घोट्याच्या वर येणारे, चामड्याचे, किलो-दीड किलोचे बूट घरी ठेवा.

वामकुक्षी

सगळ्यांना पाठीवर ओझं घेऊन फिरण्याची एवढी हौस का, हे मला न उलगडलेलं कोडं आहे. चाकांची बॅग घ्या, दहा-बारा किलो बिनधास्त न्या, चेक-इनचे पैसे भरा. मी आणि सौ. व्हिएतनाम तसंच फिरून आलो. मणक्याच्या डॉक्टरांची फी त्यापेक्षा जास्त असते.

झोळणा

वामकुक्षीकाका, तुम्ही विमानाने आणि टॅक्सीने फिरलात, त्याला माझी काही हरकत नाही. पण छत्रीताई हुआय सायहून लुआंग प्रबांगला संथ होडीने जाणार असतील. दोन दिवसांचा प्रवास, मध्ये पाकबेंगला मुक्काम. होडीला लागताना चिखलाचा उतार असतो, मधे एक फळी. तिथे चाकं काय कामाची? हनोईच्या जुन्या भागातली घरं रस्त्याकडून अरुंद आणि आत लांबच लांब, नळीसारखी. स्वस्त हॉस्टेल चौथ्या-पाचव्या मजल्यावर, जिना खांद्याएवढा रुंद, लिफ्ट असेलच असं नाही. तेव्हा काकूंनी दुसऱ्या मजल्यावर जी परीक्षा घेतली ती अगदी योग्य होती.

आता सामान. छत्रीताई, तुमच्या यादीतली सगळ्यात मोठी गफलत हवामानाची आहे. जीन्स त्यातच येतात. लोक आग्नेय आशिया म्हटलं की बनियनवर फिरायच्या तयारीने जातात. डिसेंबर-जानेवारीत हनोईचा पारा १४-१५ पर्यंत उतरतो, वर दमट गारठा, सूर्य दिसत नाही, आणि खोल्यांना हीटर नसतात. उत्तरेकडचे डोंगराळ भाग, सापा आणि 'हा जियांग', त्याहून थंड. हा जियांगच्या घाटात मोटारसायकलच्या मागे बसलात की वारा हाडात जातो. लुआंग प्रबांगच्या पहाटा गार असतात. मग पुढे सायगावला आणि सिएम रीपला घामाच्या धारा. दोन्ही ऋतू एकाच सॅकमध्ये न्यायचे तर जाड एक वस्तू घेऊन भागत नाही, पातळ थर लागतात. अंगालगतचा गरम थर, त्यावर पातळ फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. तिन्ही मिळून तुमच्या स्वेटरएवढंच वजन होईल. तरी थंडी वाजली तर हनोईत नामांकित कंपन्यांची नक्कल केलेली जॅकेटं ढिगाने मिळतात. घ्या, उत्तरेत वापरा, दक्षिणेकडे निघताना हॉस्टेलच्या खोक्यात टाकून द्या. असं खोकं बऱ्याच हॉस्टेलमध्ये असतं.

स्लीपिंग बॅग काढा. सगळीकडे पांघरूण देतात. पण त्या पांघरुणाच्या स्वच्छतेची खात्री नाही, रात्रीच्या बसमधल्या तर नाहीच, म्हणून एक खोळ न्या. दुकानात रेशमी खोळी मिळतात, महाग असतात. त्यापेक्षा जुनी मलमलची साडी घ्या. साडेपाच मीटर लांब, सव्वा मीटरच्या आत रुंद. एका टोकाला मीटरभर कापड सोडा. उरलेलं साडेचार मीटर मध्ये दुमडा, म्हणजे सव्वादोन मीटरची पिशवी झाली, पाय दुमडीकडे. दोन्ही बाजू शिवा, एका बाजूला वरचं हातभर उघडं ठेवा, नाहीतर रात्री उठताना मांजरासारखं पोत्यातून बाहेर पडावं लागतं. सोडलेलं मीटरभर उशीवर येतं, त्याच्या कडा दुमडून शिवल्या की उशी आत जाते. वजन अर्ध्या किलोच्या आत, धुतली की तासा-दोन तासात वाळते. आणि साडी आजीची असेल तर झोपही बरी लागते.

निळी_छत्री

झोळणाताई, दंडवत! आजीच्या साड्यांचं गाठोडं आहे घरात, आजच काढते.

टॉवेलचं काय? मायक्रोफायबरचा घ्यायचा का?

रुमालवाला

पंचा.

(रुमालवाल्याने पंचा सुचवावा हा योगायोग समजावा.)

झोळणा

पंच्याला हजारदा अनुमोदन. मायक्रोफायबरने अंग पुसलं की पाणी नुसतं इकडून तिकडे फिरतं. पंचा पाणी पितो, पंख्याखाली वाळतो, उन्हात डोक्यावर घेता येतो. जुन्या टर्किश टॉवेलने घरी पाय पुसा.

मेतकूटभात

अगं छत्री, भाजणी दोन किलो कशाला? थालीपीठ थापायला तवा लागतो, तेल लागतं, कुणाच्या तरी स्वयंपाकघराची परवानगी लागते. तुला तिथे मिळणार काय, तर विजेची किटली. म्हणजे जे गरम पाण्यात होतं तेच ने. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, भात तिथे गल्लोगल्ली मिळतो, अगदी पोटभर. मग न्यायचं काय? मेतकूट! पाव किलोची पुडी, कोरडं, हलकं, महिनोन्महिने टिकतं. गरम भाताची वाटी घ्यायची, वर मेतकूट. तूप नसलं तरी चालतं, मीठ तिथे मिळतं. पोट बिघडलं असेल तेव्हा तर यासारखं काही नाही.

भाजलेले शेंगदाणे आणि गूळ थोडा ने. शाकाहारी असशील तर तिथल्या रश्शात आणि भाजीत माशाचा सॉस असतोच, न सांगता घालतात. व्हिएतनाममध्ये 'चाय' लिहिलेली खानावळ शोध, तिथे बुद्धधर्मीयांचं शुद्ध शाकाहारी मिळतं. थायलंडमध्ये 'जे' म्हणायचं, पिवळ्या पाटीवर लाल अक्षर असतं.

लसणाची चटणी मी स्वतः केली असती तरी नेली नसती. खोबरं असतं ना तिच्यात.

निळी_छत्री

खोबऱ्याचं काय?

कातळकडा

सुकं खोबरं विमानात चालत नाही. तेल भरपूर, साठवलं की आपोआप तापतं, म्हणून धोकादायक मालात मोडतं. आपल्या नागरी विमान सुरक्षा ब्युरोने, म्हणजे बीसीएएसने, २०२२ मध्ये चेक-इन सामानातही ते बंद केलं. लग्नाच्या ओटीतली गोटा खोबऱ्याची वाटी विमानतळावर बाहेर काढून ठेवणारी माणसं मी बघितली आहेत. चटणीत किसून घातलेलं कुणी हुडकून काढेल का माहीत नाही, पण वाद कशाला? जवसाची किंवा कारळ्याची न्या. लोणचं न्यायचं असेल तर चेक-इनमध्ये. हातातल्या बॅगेत ते १०० मिलीच्या द्रवपदार्थांच्या नियमात येतं.

मेरलायनशेजारी

सिंगापूरहून. सौ.ने हा धागा दाखवला आणि अनारसे वाचून दोघेही उडालो.

अनाऽऽरसे अजिबात आणू नका! खसखस इथे प्रतिबंधित आहे. ती अफूच्या बोंडातली म्हणून अमली पदार्थांच्या खात्यात धरली जाते. वर लावलेली चिमूटभर खसखस असली तरी खसखसच. खसखशीचे पदार्थ संयुक्त अरब अमिरातींतही चालत नाहीत, तेव्हा दुबईमार्गे जाणाऱ्यांनीही लक्षात ठेवा. फराळातलं बाकी सगळं आणा: चकली, शंकरपाळे, शेव, बेसनाचे लाडू. करंजीच्या सारणात खसखस घातली असेल तर तीही नको. आईंना विचारून घ्या, सारणात घातलेली दिसत नाही.

च्युइंग गम १९९२ पासून आणता येत नाही. गुटखा, तंबाखू, मावा, ई-सिगारेट काहीही नको. ई-सिगारेट थायलंडमध्येही बेकायदा आहे.

जाता जाता, सिंगापूरचा व्हिसा लागतो. आत्या इथल्या नागरिक किंवा पीआर (कायमच्या रहिवासी) असतील तर त्याच तुमच्यासाठी अर्ज करू शकतात. तुम्ही तेव्हा कंबोडियात असाल, तिथून धावपळ करण्यापेक्षा हे सोपं.

निळी_छत्री

आईला वाचून दाखवलं. "खसखशीला अमली पदार्थ म्हणतात?" असं म्हणून ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "बरं, लाडू ने."

गोळीपुडी

औषधांबद्दल वैद्यकीय सल्ला नव्हे, सवयीचं बोलतोय. स्वतःच्या डॉक्टरांशी बोला.

डबा नको. सुट्या गोळ्या डब्यात भरून नेणं ही आपल्याकडची फार वाईट सवय आहे. सीमेवर कुणी विचारलं तर पांढरी गोळी कसली हे तुम्हालाही सांगता येणार नाही. मूळ पट्टीतच न्या, ज्या बाजूला नाव आणि मुदत छापली आहे ती बाजू कापू नका. रोजची औषधं (थायरॉइड, रक्तदाब, जे असेल ते) पूर्ण मुदतीची न्या, अर्धी सॅकमध्ये, अर्धी छोट्या पिशवीत. डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या, तीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं. आपल्याकडचं ब्रँडनेम परदेशातल्या फार्मसिस्टला काहीच सांगत नाही.

खोकल्याचं कोडीनवालं औषध आणि ट्रामाडोल असलेल्या वेदनाशामक गोळ्या बऱ्याच देशांत कडक नियमाखाली येतात. गरज नसेल तर नेऊच नका.

बाकी साधं: पॅरासिटामॉल, ॲलर्जीची गोळी, ओआरएसची पाकिटं, लोपेरामाइड (ताप असेल किंवा शौचातून रक्त असेल तर घ्यायची नाही, सरळ डॉक्टर गाठायचा), पट्ट्या, मलम. बसच्या घाटांसाठी मळमळीची गोळी. चिआंग माईहून 'पाय' नावाच्या गावाला जाताना वळणं मोजायला लोक टीशर्ट छापतात, ७६२ वळणं.

डासांपासून बचावाची ट्यूब १०० मिलीच्या आतली. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, हे विसरू नका. निघायच्या महिनाभर आधी टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वात यांच्या लशींबद्दल विचारा, कुत्र्यांच्या आणि माकडांच्या भागात दीर्घ मुक्काम असेल तर रेबीजच्या लशीबद्दलही. चावा किंवा ओरखडा बसला तर लगेच साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना. सिएम रीपला माकडं फार जवळ येतात. गोड दिसतात. हात लावू नका.

चष्मा असेल तर दुसरा चष्मा आणि नंबरचा कागद.

सातकिलो

माझं नावच माझा प्रतिसाद आहे.

एअरएशियाच्या साध्या तिकिटावर हातातल्या दोन बॅगा मिळून ७ किलो. त्या भागातल्या इतर स्वस्त कंपन्यांचंही गणित त्याच आसपास. ७ किलोत बसवलं की प्रत्येक उड्डाणाला पट्ट्यासमोर उभं राहायचं नाही, बॅग हरवायची नाही. चार टीशर्ट, दोन पँट, एक अर्धी पँट, पाच जोड आतले कपडे, बास. लाओसमध्ये, व्हिएतनाममध्ये, सगळीकडे किलोवर कपडे धुऊन देतात, संध्याकाळी टाकले की दुसऱ्या दिवशी घडी करून.

लॅपटॉप काढा. कॅमेरा काढा. फोन आहे ना?

वामकुक्षी

सातकिलोसाहेब, चार महिने चार टीशर्टांवर? त्यांच्या शेजारी होडीत दोन दिवस बसणाऱ्याचाही विचार करा.

सातकिलो

काका, तोही चारच टीशर्टवाला असतो.

कातळकडा

सात किलोचा हट्ट धरायची गरज नाही. चार महिन्यांत विमानं किती? मुंबई-बँगकॉक, कंबोडियातून पुढे, शेवटचं सिंगापूर. बाकी बस, होडी, रेल्वे. दोन-तीन उड्डाणांसाठी चेक-इन विकत घेतलं तर नऊ-दहा किलोने आकाश कोसळत नाही. तिकीट काढतानाच घ्या, विमानतळावर जास्त मोजावे लागतात. सह्याद्रीतलं साधं माप: पाठीवरचं वजन स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर नको. रोज चढ-उतार करायचा तर त्याहून कमी.

आणि कंबोडियातून थायलंडला जमिनीवरून परतायचा विचार असेल तर सोडा. २०२५ च्या सीमासंघर्षात ती नाकी बंद झाली. उघडली असल्याची खात्री झाल्याशिवाय त्या रस्त्यावर योजना करू नका.

झोळणा

लाओसमधली रेल्वे पकडणार असाल तर एक गोष्ट. व्हिएंतियान-लुआंग प्रबांग ही गाडी डिसेंबर २०२१ पासून धावते, दिवसभराचा घाटाचा बसप्रवास दोनेक तासांवर आला. पण स्टेशनात विमानतळासारखी तपासणी असते आणि चाकू, कात्री, स्प्रेचे डबे सरळ काढून घेतात. डिओचा डबा, डासांचा स्प्रे, केसांचा स्प्रे, सगळं जातं. म्हणून डिओ रोल-ऑन न्या, डासांसाठी क्रीम, फळं कापायला चाकू तिथेच दहा-वीस रुपयांचा घ्या आणि गाडीत बसायच्या आधी कुणाला तरी देऊन टाका.

व्हिएतनामच्या रात्रीच्या बसमध्ये दारातच बूट काढायला लावतात, हातात प्लॅस्टिकची पिशवी देतात. मोजे स्वच्छ ठेवा, बाकी काही म्हणत नाही. सॅक पोटात जाते, तेव्हा पासपोर्ट, पैसे, औषधं, फोन आणि एक उबदार कपडा असलेली छोटी झोळी अंगाजवळच. होडीतही तेच.

नाडा! सुती नाड्याची गुंडी न्या, पाच-सहा मीटर. खोलीत वाळत घालायला, सॅकला स्लिपर बांधायला, तुटलेल्या पट्ट्याला. दुहेरी करून पीळ भरायचा आणि कपड्याचं टोक पिळात खुपसायचं, चिमटे लागत नाहीत. कपडे धुवायला वडी न्या. वडीला १०० मिलीचा नियम नाही.

लॉकर असतात पण कुलूप आपलं. बारीक कडीचं, नंबरचं घ्या. जाड कडीचं गोदरेज त्या भोकात जातच नाही.

निळी_छत्री

बायकांच्या गोष्टींबद्दल कुणी लिहील का? आणि देवळात काय घालायचं?

झोळणा

कप वापरत असाल तर तो न्या आणि दोन महिने आधी घरी सवय करा, प्रवासात पहिल्यांदा प्रयोग नको. पॅड सगळीकडे मिळतात, छोट्या गावातही. महिनाभराचे न्या, बाकी तिथे. आतले कपडे मात्र आपल्या मापाचे आणि आपल्या सवयीचे इथूनच न्या, तिथली मापं लहान असतात. टॉयलेटची काळजी करू नका, थायलंड-लाओस-व्हिएतनाममध्ये पाण्याचा फवारा असतोच. युरोपच्या धाग्यावर लोक यावरून किती रडलेत ते वाचा.

देवळांसाठी खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. अंगकोरवाटला सर्वात वरच्या टप्प्यावर जायचं तर खांद्यावर ओढणी टाकून चालत नाही, बाह्यांचा कपडाच लागतो. दोन्ही कुर्ते ठेवा, सुती, कोपरापर्यंत बाह्यांचे. ऊन, डास आणि देऊळ तिन्ही एका कुर्त्यात निभावतात. जीन्स तिन्ही काढा. एक जीन्स ओली झाली की तिथल्या दमट हवेत दोन दिवस वाळत नाही आणि एकटीच अर्धा-पाऊण किलो भरते. दोन पातळ पँट पुरे.

हेअर ड्रायरबद्दल मी काही बोलणार नाही. तुमच्या विवेकावर सोडते.

चिल्लर

सगळे कपड्यांवर बोलताहेत, मी पैशांवर बोलतो, कारण वजनाला शून्य आणि नसलं तर सहल संपते.

एक, तुमचा भारतीय नंबर. निघायच्या आधी, भारतात असतानाच, त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करा आणि चार महिने पुरेल एवढी वैधता भरा. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येणार. रोमिंगवर मेसेज घ्यायला सहसा पैसे पडत नाहीत, डेटा बंद ठेवा. डेटासाठी तिथलं सिम किंवा ई-सिम. दोन सिमचा फोन नसेल तर सिमची पिन सॅकच्या कप्प्यात चिकटपट्टीने लावून ठेवा, ती ऐन वेळी सापडत नाही.

दोन, दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं, दोन वेगवेगळ्या जागी. थायलंडच्या एटीएममध्ये परदेशी कार्डाला प्रत्येक वेळी २२० बाट किंवा जास्त कापतात, म्हणून थोडे-थोडे काढू नका. लाओस आणि कंबोडियासाठी रोख डॉलर न्या. नोटा कोऱ्या करकरीत हव्यात. बारीक फाटकी किंवा शाईचा डाग असलेली नोट कंबोडियात परत हातात ठेवतात. पाकिटात दुमडू नका, जाड पुठ्ठ्याच्या वहीत सपाट ठेवा. एक, पाच, दहाच्या जास्त घ्या. सुटे तिथे रिएलमध्ये मिळतात, डॉलरला साधारण चार हजार.

व्हिएतनामसाठी दोन कप्प्यांचं पाकीट. २०,००० आणि ५,००,००० ची नोट, दोन्ही निळ्या. रात्री टॅक्सीवाल्याला देताना पंचवीस पटीचा फरक आहे.

तीन, पासपोर्टवर प्रवेशाच्या तारखेपासून सहा महिने हवेतच, शिवाय कोरी पानं मोजा. लाओसचा व्हिसा अख्खं पान खातो. सात-आठ पासपोर्ट फोटो न्या, लाओसच्या नाक्यावर लागतो. व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो, पण अर्जात प्रवेशाचं नाकं लिहावं लागतं, लाओसहून बसने जाणार असाल तर ते आधी ठरवा. थायलंडला १ मे २०२५ पासून ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं. नियम बदलत असतात, निघायच्या आठवड्यात परत तपासा.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये नाही. १०० वॉट-तासांपर्यंत चालते. तुमची २०,००० एमएएचची असेल तर ७४ वॉट-तास झाले. क्षमता छापलेली हवी, अक्षरं पुसलेली असतील तर नवी घ्या.

आपल्या बारीक दोन पिनांचा चार्जर थायलंड-व्हिएतनाममध्ये बहुतेक जागी बसतो. सिंगापूरला नाही, तिथे तीन चपट्या पिना.

वामकुक्षी

चिल्लर, हे उत्तम. वाचनखूण साठवली. मोटारसायकलचं विसरलात. हा जियांगला मुलं स्वतः चालवतात.

चिल्लर

बरोबर, काका. आपल्या आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा, व्हिएतनाम १९६८ चा व्हिएन्ना करार मानतो. म्हणजे परवाना खिशात असूनही अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. मागे बसा. तिथे चालक मिळतात, थोडे जास्त पैसे पडतात. आणि विमा घेताना मोटारसायकलवर मागे बसण्याचं कलम वाचा.

निळी_छत्री

अपडेट. नवी ४० लिटरची सॅक आणली (दुकानदार कंटाळला, पण चहा पाजला). आजीची फिकट हिरवी मलमल खोळ झाली, शिलाई आईने मारली. गेलं: स्लीपिंग बॅग, तिन्ही जीन्स, टॉवेल, स्वेटर, जड बूट, हेअर ड्रायर, दोन पुस्तकं, औषधांचा डबा (पट्ट्या राहिल्या), दीड किलो भाजणी. आलं: पंचा, नाडा, तीन पातळ थर, मेतकूट पाव किलो, जवसाची चटणी.

काटा ९.४ दाखवतो. लाडू धरून. लॅपटॉप ठेवतेय, एक काम अर्धवट आहे. कॅमेरा आणि दोन्ही लेन्सही आहेत अजून. काय काढू, दुसरी लेन्स की उरलेली अर्धा किलो भाजणी?

मेतकूटभात

लेन्स. चिआंग माईला आठवडाभर राहणार आहेस ना? स्वयंपाकघर असलेली खोली घे आणि हॉस्टेलच्या पोरापोरींना थालीपीठ खाऊ घाल. भाजणी पहिल्या आठवड्यातच संपव, म्हणजे ओझंही संपलं.

सातकिलो

दोन्ही.

घाटमाथा

धागा उशिरा वाचला, फार कामाचा. माझा बेत मार्चमध्ये पेरू-बोलिव्हियाचा आहे. पिवळ्या तापाची लस आधी किती दिवस घ्यावी लागते?

गोळीपुडी

प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, दहा वर्षांनी पुन्हा नको. पिवळी पुस्तिका पासपोर्टबरोबर ठेवा. जाताना जेवढी लागते तेवढीच परत भारतात उतरतानाही लागते. त्या देशांतून आलात आणि पुस्तिका नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते, मुंबईत विमानतळ आरोग्य संघटनेकडे. आधी वेळ घ्यावी लागते आणि मार्च जवळ आला की वेळ मिळत नाही, तेव्हा जानेवारीतच उरकून टाका. अंड्याची ॲलर्जी असेल तर तिथे सांगा.

घाटमाथा

धन्यवाद, डॉक्टर. पेरूसाठी सॅकचा वेगळा धागा काढतो. तिकडे बारा हजार फुटांवर थंडी आहे, पंच्यावर भागणार नाही.

रुमालवाला

काढा. रुमाल तयार आहे.